ऑर्डरच्या गाडीवर सूट नसते म्हणे!

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. पहिली गाडी भरपूर वापरून झाली, आता नवी घ्यायचं पक्कं झालंय. मॉडेल, इंजिन, रंग सगळं ठरलंय. पण आम्हाला हवा तो प्रकार त्या रंगात शोरूममध्ये उभा नाही. कारखान्याकडे ऑर्डर टाकावी लागेल, दहा-बारा आठवडे लागतील असं सांगतात. सूट विचारली तर सेल्समन म्हणाला, "मॅडम, सूट स्टॉकमधल्या गाडीवर असते. ऑर्डरच्या गाडीवर काही नाही." मग स्वतःच म्हणाला की ॲक्सेसरीजचा एक संच मोफत देतो, पण कर्ज आणि विमा आमच्याकडूनच घ्या, आणि बुकिंग परवापर्यंत करा, कारण महिनाअखेरीस किंमत वाढणार आहे. जुनी गाडीही त्यांनाच द्यायचा विचार होता, पण त्यांनी सांगितलेला भाव ऐकून माझा नवरा गप्पच झाला. मला घासाघीस अजिबात जमत नाही, बोलायला लागलं की माझाच आवाज खाली जातो. मोठे दीर म्हणतात, "मी येतो, बघ कसा ताळ्यावर आणतो." ऑर्डरच्या गाडीवर सूट मागणं चूक आहे का? मागायची तर किती? आणि दिरांना सोबत न्यावं का?
— एक संकोची ग्राहक

उत्तर :

सूट मागणं चूक नाही. सेल्समनचं बोलणं अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं त्याच्या सोयीचं.

खरं काय ते आधी. यार्डात उभ्या असलेल्या गाड्या डीलरनं बहुधा कर्ज काढून कंपनीकडून उचललेल्या असतात. गाडी विकली जाईपर्यंत त्या पैशांवर दिवसागणिक व्याज चढतं. दोन-तीन महिने धूळ खात पडलेल्या गाडीनं डीलरच्या नफ्यातला मोठा घास आधीच गिळलेला असतो. त्यात मॉडेलचं वर्ष बदलायला आलं असेल तर ती त्याला आणखी जड होते. म्हणून अशा गाडीवर तो सूट देतो, वेळ पडली तर पदरचे घालूनही देतो. तुमची गाडी अजून बनायचीच आहे. तिचं व्याज चढत नाही, त्यामुळे ती खपवायची घाईही त्याला नाही.

आता हाच मुद्दा उलटा करून बघा. तुमची गाडी यार्डात येण्याआधीच विकलेली असेल. ती जागा अडवणार नाही, तिच्यासाठी जाहिरात नको, चार गिऱ्हाइकांना फिरवून दाखवणं नको. म्हणजे या विक्रीत डीलरचा खर्च कमी आहे. सूट द्यायला त्याच्याकडे जागा आहे, फक्त द्यायचं कारण नाही. ते कारण तुम्ही पुरवायचं. उभ्या गाडीच्या बाबतीत हवा तो रंग ज्याच्याकडे असेल त्याच्याच दारात जावं लागतं. ऑर्डरची गाडी मात्र कोणाकडेच नाही, आणि ऑर्डर टाकली तर सगळ्यांकडे एकाच कारखान्यातून येणार. तेव्हा तुम्ही कुठल्याही डीलरकडे, अगदी शेजारच्या गावातल्याही, जाऊ शकता. सेल्समननं तुम्हाला जी तुमची कमजोरी म्हणून सांगितली, ती तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे.

डीलरचा पैसा कुठून येतो, तेही कळलेलं बरं. गाडीच्या किमतीतला त्याचा वाटा हा फक्त एक भाग. कंपनी त्याला महिन्याचं किंवा तिमाहीचं उद्दिष्ट देते. ते गाठलं की सगळ्या विक्रीवर वेगळा बोनस मिळतो. कर्ज मिळवून दिलं की बँकेकडून कमिशन, विम्यावर कमिशन, ॲक्सेसरीजवर भरघोस नफा, वाढीव वॉरंटीवर त्याहून भरघोस, आणि जुनी गाडी घेऊन पुढे विकण्यात वेगळा. शिवाय कंपनी वेळोवेळी योजना काढते. त्या दोन तऱ्हेच्या असतात : काही थेट ग्राहकासाठी, ज्यांची जाहिरात होते, आणि काही गुपचूप डीलरसाठी, ज्या ग्राहकाच्या कानावरही येत नाहीत. यावर अमेरिकेतल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ग्राहकासाठी जाहीर केलेल्या सवलतीतले ७० ते ९० टक्के ग्राहकाला मिळत होते. डीलरला दिलेल्या सवलतीतले मात्र फक्त ३० ते ४० टक्के ग्राहकापर्यंत पोचत होते. कंपनीच्या खिशातून पैसे दोन्हीकडे जाणारच, फरक एवढाच की दुसऱ्या सवलतीचा ग्राहकाला पत्ताच नव्हता.

म्हणून "काही कमी होईल का हो?" असं विचारू नका. त्यावर "नाही" म्हणणं फार सोपं जातं. विचारायचं ते असं : "या मॉडेलवर कंपनीच्या ग्राहकांसाठी कुठल्या योजना चालू आहेत आणि डीलरसाठी कुठल्या? त्यातलं माझ्या बिलात काय काय उतरणार?" तो सगळं सांगेल अशी आशा धरू नका. पण असं काही असतं हे गिऱ्हाइकाला ठाऊक आहे म्हटल्यावर समोरच्याची भाषा बदलते. आणि हा प्रश्न खालच्या आवाजातही विचारता येतो.

आता ऑर्डरच्या गाडीतली खरी मेख. ती सूट किती याच्यापेक्षा सूट टिकते किती दिवस, यात आहे. उभी गाडी आज ठरवली की चार दिवसांत दारात. तुमचं बुकिंग आणि गाडी ताब्यात मिळणं यात अडीच-तीन महिने आहेत. तेवढ्यात किंमत वाढू शकते, आजची योजना संपू शकते, नवी आणि जास्त चांगली येऊ शकते. बुकिंगच्या फॉर्मवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बहुधा एक ओळ असते, की गाडी देण्याच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू राहील. ही ओळ तशीच राहू दिलीत, तर तोंडी ठरलेल्या सुटीला फारसा अर्थ नाही. किंमत वाढली की सूट त्या वाढीत विरघळून जाते, आणि डीलर म्हणतो, "मी तर शब्द पाळला, वाढ कंपनीनं केली."

म्हणून तीन गोष्टींची उत्तरं पैसे भरण्याआधी लिहून घ्या. किंमत कुठल्या दिवसाची धरायची, बुकिंगच्या की डिलिव्हरीच्या? योजना कुठल्या दिवसाची? आणि मधे वाढ झाली तर ती कोण सोसणार? उत्तम म्हणजे एकूण रकमेचा आकडाच पक्का करून घ्यायचा, आणि खाली एक ओळ : डिलिव्हरीच्या दिवशी याहून चांगली योजना चालू असेल तर ती मिळेल. पुष्कळदा डीलर एवढं कबूल करत नाही, कारण कंपनीनं केलेली वाढ त्याच्याही हातात नसते. मग दुसरा पर्याय : त्या दिवशीच्या कंपनीच्या प्रसिद्ध किमतीतून इतकी रक्कम वजा, आणि किंमत अमुक एका मर्यादेपलीकडे वाढली तर बुकिंगचे सगळे पैसे परत. हे मागायला लाजू नका. तुम्ही पैसे आज देताय आणि माल तीन महिन्यांनी घेताय.

हे सगळं कोणी लिहून द्यायचं, यालाही महत्त्व आहे. सेल्समननं फोनवर पाठवलेला निरोप हा पुरावा म्हणून बरा, पण तीन महिन्यांनी तोच माणूस तिथे असेल याची खात्री नाही. या धंद्यात माणसं फार पटापट जागा बदलतात. बुकिंगच्या पावतीवर किंवा कोटेशनवर सेल्स मॅनेजरची सही आणि शिक्का हवा. "अहो, आमच्याकडे असं लिहून देत नाहीत" असं उत्तर आलं, तर त्या सुटीची किंमत तुम्हाला तिथल्या तिथे कळली.

महिनाअखेरीच्या दरवाढीचं काय? ती खरी असू शकते, कंपन्या भाव वाढवतातच. पण त्याला एकच साधा प्रश्न विचारा : "परवा बुकिंग केलं तर मला आजची किंमत लागेल, असं लिहून देता का?" हो म्हणाला, तर घाईला काही अर्थ आहे, आणि तुमची किंमतही पक्की झाली. नाही म्हणाला, तर परवा केलं काय आणि पुढच्या आठवड्यात केलं काय, तुम्हाला डिलिव्हरीच्याच दिवसाची किंमत लागणार. मग घाई कोणाची? त्याच्या उद्दिष्टाची. आणि ते उद्दिष्टही कित्येक ठिकाणी गाडी ताब्यात दिल्यावरच मोजलं जातं. तेव्हा "महिन्याच्या शेवटच्या दिवशी जा, जास्त सूट मिळते" हा जो सल्ला सगळे देतात, तो उभ्या गाडीला लागू पडतो. ऑर्डरच्या गाडीला त्यातलं फारसं काही लागू नाही.

आता टेबलावर काय घडतं ते जरा जवळून बघू. सेल्समन एक कोरा कागद घेतो, त्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारतो. चार चौकोन होतात. एकात नव्या गाडीची किंमत, दुसऱ्यात जुन्या गाडीचा भाव, तिसऱ्यात सुरुवातीला भरायची रक्कम, चौथ्यात महिन्याचा हप्ता. सगळीकडेच कागद पुढे येतो असं नाही, पण हिशेब तोच. तुम्ही नव्या गाडीची किंमत कमी करायला सांगितलीत की तो जुन्या गाडीच्या चौकोनात थोडं खाली येतो. जुन्या गाडीला भाव वाढवून मागितलात की हप्त्यांची मुदत वर्षभरानं वाढते, हप्ता छोटा दिसतो आणि तुम्ही खूश होता. मधेच "मॅनेजरना विचारून येतो" म्हणून तो आत जातो, तुम्ही काचेपलीकडे बघत बसता. परत येतो तेव्हा एका चौकोनातला आकडा ठळक अक्षरांत खोडलेला असतो. बाकीच्या तीन चौकोनांत काय झालं, ते बघायचं भान कोणाला राहत नाही. "महिन्याला किती परवडेल?" हा प्रश्न याच खेळातला. त्याचं उत्तर देऊच नका. "ते आमचं आम्ही बघू, आधी गाडीची किंमत" एवढं म्हणा, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच म्हणा.

चार चौकोन म्हणजे चार वेगळे सौदे. ते एकेक करून, एक पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात न लावता करायचे. आधी नवी गाडी. तेव्हा जुन्या गाडीचं नावसुद्धा काढायचं नाही. तुम्ही ते आधीच काढून बसला आहात, पण बिघडलं नाही. सांगा की जुनी बाहेर विकायचा विचार आहे.

तुम्हाला समोरासमोर बोलणं जड जातं, तर बोलूच नका. लिहा. त्याच मॉडेलच्या चार डीलरांना ईमेल करा, एखादा जरा लांबचाही धरा. मजकूर मीच देतो :

"नमस्कार. मला अमुक मॉडेल, अमुक प्रकार, अमुक रंगात ऑर्डर करायचं आहे. कारखान्यातून नव्यानं येणारी गाडी हवी आहे, थांबायची तयारी आहे. कृपया तुमची किंमत अशी फोड करून लेखी कळवावी : कंपनीची प्रसिद्ध किंमत, तुमची सूट, कंपनीच्या चालू योजना, कर व नोंदणी, तुमची इतर सर्व शुल्कं आणि एकूण रक्कम. कर्ज, जुनी गाडी आणि ॲक्सेसरीज यात धरू नयेत. विमा वेगळ्या ओळीत दाखवावा. ही सूट गाडी ताब्यात मिळेपर्यंत कायम राहील का, आणि दरम्यान किंमत वाढल्यास वाढ कोण सोसणार, हेही कळवावं. मी हीच विचारणा आणखी तीन डीलरांकडे केली आहे आणि शुक्रवारपर्यंत निर्णय घेणार आहे."

यातली "कंपनीची प्रसिद्ध किंमत" ही ओळ गाळू नका. सूट कुठल्या आकड्यातून वजा होते ते कळलं नाही तर सुटीला काही अर्थ उरत नाही. आधी चढवायचं आणि मग उतरवायचं, ही जुनीच चाल आहे. अमेरिकेत तर याच कारणानं १९५८ साली कायदा करून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीच्या किमतीचा कागद चिकटवणं सक्तीचं केलं. तुम्ही ती किंमत कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ताडून बघा.

चारपैकी एकाचं उत्तर येणारच नाही. दुसरा फोन करून म्हणेल, "प्रत्यक्ष या मॅडम, बसून बोलू." त्याला सांगा, आकडा आला की येते. तिसरा म्हणेल, "बाकीच्यांचे आकडे दाखवा, त्याहून कमी करून देतो." इथे जपा. आकडा दाखवलात की तो त्याच्याहून केसभर कमी देणार, त्याला स्वतःला मुळात किती कमी करता आलं असतं ते कधीच कळणार नाही. आधी त्याचा आकडा घ्या. सगळे हातात आले की सगळ्यात कमीवाल्याचं कोटेशन तुमच्या घराजवळच्या डीलरला दाखवून एकदाच विचारा : "इतक्यात देत असाल तर तुमच्याकडे बुक करते." एकच फेरी करायची. दहा फेऱ्या मारणाऱ्या गिऱ्हाइकाला डीलर मनावर घेत नाही.

दुसऱ्याचं कोटेशन दाखवताना बेरीज मात्र नीट लावा. एकानं विमा धरलेला असतो, दुसऱ्यानं नाही. एकाची सूट मोठी दिसते आणि खाली "हाताळणी", "कागदपत्रं", "फाइल" अशा नावांनी ती परत वसूल केलेली असते. सरकारकडे जाणारे पैसे आणि डीलरच्या खिशात जाणारी शुल्कं वेगवेगळी लिहून काढा. पहिल्यात घासाघीस नाही. दुसऱ्यात पूर्ण वाव आहे, आणि इथे सूट मिळवणं किमतीपेक्षा सोपं जातं, कारण या शुल्कांचं समर्थन करताना सेल्समनचाच आवाज खाली जातो.

मोफत ॲक्सेसरीजबद्दल थोडक्यात. त्यांची जी किंमत तुम्हाला सांगतात, ती डीलरला पडत नाही. बरीच कमी पडते. म्हणून त्याला वस्तू देणं परवडतं आणि पैसे देणं जिवावर येतं. संचातलं जे तुम्ही तसंही विकत घेतलं असतं तेवढंच मोजा, बाकीच्याच्या बदल्यात रोख सूट मागा. रंगावरचा लेप, सीटवरचा फवारा वगैरे गोष्टी फुकट मिळाल्या तर घ्या.

कर्जात मात्र थांबून हिशेब करा, कारण किमतीत मिळवलेलं सगळं इथे नकळत परत जाऊ शकतं. दोन उदाहरणं देतो. व्याजाचा दर "फ्लॅट" सांगितला तर तो पहिल्या दिवसाच्या पूर्ण मुद्दलावर शेवटपर्यंत लावलेला असतो, तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असलात तरी. पाच वर्षांचं ५ टक्के फ्लॅट कर्ज हे खरं म्हणजे घटत्या शिलकीवरचं ९ टक्क्यांहून किंचित जास्त दराचं कर्ज असतं. बँक ८ टक्के म्हणते आणि शोरूम ५ टक्के म्हणतं, म्हणून शोरूमकडे धावू नका. एकूण किती हप्ते आणि एकूण किती परतफेड, एवढेच दोन आकडे दोघांकडून घ्या आणि शेजारी ठेवा.

दुसरं उदाहरण बिनव्याजी कर्जाचं. बहुतेक वेळा अट असते, की बिनव्याजी योजना घ्या नाहीतर रोख सूट घ्या, दोन्ही नाही. समजा १०० ची गाडी तीन वर्षं बिनव्याजी हप्त्यांवर मिळते, आणि बाहेर तुम्हाला ९ टक्क्यांनी कर्ज मिळालं असतं. तर त्या बिनव्याजी हप्त्यांची आजची किंमत भरते साधारण साडेसत्त्याऐंशी. म्हणजे ही योजना तुम्हाला साडेबारा टक्के सुटीसारखी पडते. रोख सूट त्याहून कमी असेल तर बिनव्याजी घ्या, जास्त असेल तर रोख सूट घेऊन कर्ज बाहेरून काढा. अर्ध्याच किमतीवर कर्ज घेणार असाल तर हा फायदाही अर्धाच धरायचा. तुम्हाला शोरूमचं कर्ज घेण्याच्या अटीवर सूट देत असतील, तर त्यांना मिळणारं कमिशनच ते तुम्हाला वाटून देताहेत. बाहेरच्या बँकेचं मंजुरीपत्र आधी हातात ठेवलंत की ते किती वाटायला तयार आहेत ते कळेल. विम्याचंही तसंच. त्याच अटींची पॉलिसी बाहेर कितीला पडते ते विचारून ठेवा. कर्ज किंवा विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे, नाहीतर गाडी देत नाही, अशी भाषा कोणी केली तर ती तेवढीच लिहून मागा. सहसा कोणी लिहून देत नाही.

तुमच्या यजमानांना गप्प करणारा तो जुन्या गाडीचा भाव. त्यांनी तिथेच वाद घातला नाही हे उत्तमच झालं. बाहेरच्या दोन-तीन जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांकडून भाव काढा, मग डीलरकडे बोला. कंपनीची एक्स्चेंज योजना असेल तर ती वेगळी दाखवायला सांगा, नाहीतर कंपनीचा बोनस गाडीच्या भावातच मिसळून "बघा, किती चढवला" असं सांगितलं जातं. आणि तुमच्या बाबतीत आणखी एक पेच आहे : नवी गाडी तीन महिन्यांनी येणार, तोवर तुम्ही जुनी वापरणार. आज ठरलेला भाव तेव्हा राहतो का? अनेक डीलर डिलिव्हरीच्या आठवड्यात पुन्हा तपासणी करून भाव पाडतात, आणि तेव्हा तुम्ही नव्या गाडीच्या आनंदात "असू दे" म्हणता. भाव आजच पक्का करायचा असेल तर किती किलोमीटरपर्यंत आणि किती तारखेपर्यंत तो कायम राहील, ते लिहून घ्या. ते जमत नसेल तर हा सौदा आत्ता करूच नका.

सूट किती मागावी? याला टक्क्यांत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ज्या मॉडेलला रांग लागलेली आहे तिथे शून्य हेही खरं उत्तर असू शकतं. २०२१ मध्ये चिपच्या तुटवड्यामुळे जगभर गाड्यांचं उत्पादन अडकलं, तेव्हा अमेरिकेत कित्येक ग्राहकांनी छापील किमतीच्या वर पैसे मोजले. उलट, ज्या मॉडेलची नवी आवृत्ती येऊ घातली आहे, किंवा जे मुळातच संथ चालतं, तिथे तुम्ही न मागताही पुष्कळ मिळतं. तुमच्या मॉडेलचा तळ कुठे आहे, ते तुमच्याच त्या उत्तरांतून दिसेल. आकडे एकमेकांपासून लांब असतील तर अजून वाव आहे. खालचे दोन अगदी जवळ आले की तळ आला असं समजा आणि थांबा. माझं मत विचाराल तर, त्यानंतरच्या शेवटच्या चिमूटभर सुटीसाठी लांबचा डीलर धरू नये. पुढे गाडीत काही निघालं, डिलिव्हरीची तारीख पुढे गेली, तर जवळ जाऊन उभं राहता येणं हीसुद्धा एक सूटच आहे.

राहिले तुमचे दीर. इथे थोडं वेगळं सांगायचंय. अमेरिकेत इयान आयर्स नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी शिकागोच्या परिसरातल्या डीलरांकडे माणसं पाठवली, स्त्रिया आणि पुरुष, गोरे आणि काळे. सगळ्यांना एकच संवाद पाठ करून दिला होता. तरीही गोऱ्या पुरुषांना सगळ्यात कमी किंमत सांगितली गेली आणि बाकीच्यांना जास्त. १९९१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा बरीच खळबळ उडाली. तेव्हा तुमचा आवाज खाली जातो म्हणून तुम्हाला कमी सूट मिळते, असं मनाला लावून घेऊ नका. समोरचा तुम्ही तोंड उघडण्याआधीच काही ठरवून बसलेला असू शकतो. पुढे इंटरनेटवरून होणाऱ्या खरेदीवर अभ्यास झाले, त्यांत असं दिसलं की अल्पसंख्य समाजातल्या ग्राहकांना शोरूममध्ये जो जादा भाव पडत होता, तो इंटरनेटवरून किंमत मागवली की जवळपास नाहीसा होत होता. ईमेलवर कोणाचा चेहरा दिसत नाही आणि आवाजही ऐकू येत नाही.

त्यामुळे दिरांना ताळ्यावर आणायला नेऊ नका. मोठ्या आवाजाची माणसं सेल्समननं रोज पाहिलेली असतात. त्यांना एक छोटा विजय द्यायचा, म्हणजे मोठ्या गोष्टीकडे लक्ष जात नाही, हे त्याला पाठ असतं. शिवाय दिरांनी तावातावानं मिळवलेली सूट आयुष्यभर ऐकून घ्यावी लागते, ते वेगळंच.

पण त्यांचा उत्साह वाया घालवू नका. त्यांना गाडी ताब्यात घेताना न्या. ऑर्डर टाकलेल्या गाडीच्या नावाखाली कुठल्यातरी दुसऱ्या यार्डात पडून असलेली गाडी आणून उभी करण्याचे प्रकार होतात, आणि ते शोधायला त्यांच्यासारखा माणूस हवा. टायरच्या कडेवरच्या लांबलचक क्रमांकातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष : २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. टायर गाडीच्या थोडे आधीचे असणारच, पण तुमच्या बुकिंगच्या वर्षभर आधीचे असतील तर प्रश्न विचारायचा. सतरा अक्षरांचा चासी क्रमांक गाडीवर, बिलावर आणि विम्याच्या कागदावर एकच आहे ना, ते एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ताडायचं. मीटरवरचे किलोमीटर, काचांवरच्या तारखा, रंगातला फरक, सगळं उजेडात बघायचं, पावसात किंवा संध्याकाळी दिव्यांखाली नाही. आणि हे सगळं उरलेली रक्कम भरण्याआधी.

परवा बुकिंग करू नका. आज रात्री ते चार ईमेल पाठवा. पहिल्या सेल्समनचा उद्या फोन येईलच. त्यालाही तोच मजकूर पाठवला आहे आणि त्याच्या उत्तराची वाट बघताय, एवढंच सांगा. बुकिंगला जायचं तेव्हा शनिवार-रविवारची गर्दी टाळून आठवड्याच्या मधल्या एखाद्या दुपारी जा, म्हणजे सही करणारा मॅनेजर जागेवर भेटेल. त्याच्याकडून पावतीच्या मागची ती बारीक ओळ पेनानं खोडून घ्या आणि शेजारी त्याची छोटी सही घ्या.